पत्र्याच्या पोटातलं पाणी

मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतच्या किनारपट्टीत जुन्या गाडीचं इंजिन बहुधा गाडीपेक्षा जास्त जगतं. पिस्टन-रिंगा बदलता येतात, गिअरबॉक्स खोलता येतो, कार्बोरेटर साफ केला की गाडी पुन्हा सुरात येते. मग एक दिवस गॅरेजात जॅक लावताना त्याचं डोकं सरळ पत्र्यात घुसतं आणि मालकाला कळतं, की इतकी वर्षं ज्याची काळजी वाहिली ते ठणठणीत आहे आणि ज्याच्याकडे वाकून पाहिलंही नाही ते संपलं आहे. अशा वेळी त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. गाडी भंगारात काढा, किंवा पुट्टी भरून, रंग मारून कुणाच्या तरी गळ्यात घाला. तिसरा रस्ता आहे. तो खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, पण ज्याला गाडी ठेवायची आहे त्याच्यासाठी तोच एक खरा आहे. हे पुस्तक त्या रस्त्याचं आहे.

उदाहरणं मुख्यतः दोन गाड्यांची घेतली आहेत, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचं पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की हीच गाडी डोळ्यांपुढे येऊ लागली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत ग्राहकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. दोघींची पिढी वेगळी, घाट वेगळा; पण आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट एकच: दोघींनाही जीपसारखी वेगळी चॅसी नाही.

हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जीपमध्ये जाड लोखंडी सांगाडा वेगळा असतो आणि बॉडी त्यावर बोल्टनं बसवलेली असते. बॉडी कुजली तरी सांगाडा भार पेलतो. पद्मिनी किंवा ८०० मध्ये बॉडी हाच सांगाडा. तळाचा पत्रा, खांब, छत आणि दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी, म्हणजे सिल, हे सगळं मिळून भार घेतात. यातला पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा. त्याची ताकद जाडीत नसून घडीत आणि पोकळीत असते. म्हणून सिल सडली की गाडी कुरूप होते एवढ्यावर भागत नाही. मधून ती खचू लागते, दारं लागेनाशी होतात आणि धडक बसली तर आतल्या माणसासाठी राखलेली जागा आक्रसते. सिलचा गंज हा रंगाऱ्याचा विषय मानला जातो, तो समज मोडून काढणं हा या पुस्तकाचा पहिला हेतू आहे.

जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असायचा, त्यांना काय होतंय, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. जाडीनं थोडा वेळ मिळतो, संरक्षण मिळत नाही. आजच्या कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहानं प्रायमर कानाकोपऱ्यांत ओढला जातो. जस्ताचा थर दिलेला पत्राही आता नवलाचा राहिलेला नाही. पोर्शनं १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ च्या बॉडीला तो दिला, ऑडीनं १९८० च्या दशकात. पूर्वीच्या स्वस्त गाड्यांच्या पोकळ्यांपर्यंत मात्र प्रायमर धड पोचतच नसे. बाहेरून चकचकीत आणि आतून उघडा, असा पत्रा त्या जन्मतःच घेऊन आल्या.

गंज कसा लागतो याचं शाळेतलं उत्तर लोखंड, पाणी आणि हवा एवढंच असतं. ते खरं आहे, पण त्यानं गाडीत गंज नेमका कुठे धरेल हे सांगता येत नाही. त्यासाठी केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांचा गेल्या शतकाच्या पूर्वार्धातला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्यात रंग बदलणारी रसायनं मिसळलेली होती. काही वेळानं थेंबाची कड गुलाबी झाली आणि मधला भाग निळा. कडेला हवा भरपूर, तिथे लोखंड सुखरूप राहिलं. मध्ये हवा पोचायला अडचण, तिथे लोखंड विरघळत होतं. जिथे हवा कमी पोचते तो भाग खाल्ला जातो, हा त्याचा अर्थ. आता गाडीकडे पाहा. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेला सांधा, पायाखालच्या रबरी मॅटची खालची बाजू, मडगार्डच्या ओठात साचलेला चिखल, काचेच्या बीडिंगखालची फट. ओलावा आत शिरतो आणि हवा बेताचीच पोचते. बॉनेटचा मोकळा, सपाट पत्रा वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याच गाडीचा झाकलेला तळ सडतो, त्याचं कारण हे.

दुसरी अडचण मिठाची. नुसतं स्वयंपाकाचं मीठ हवेतला ओलावा सुमारे ७५ टक्क्यांवर गेला की पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्के पुरतात. म्हणजे खाऱ्या वाऱ्यानं सिलच्या आत नेऊन ठेवलेला तो बारीक थर कोकणात जानेवारीतही पुरता सुकत नाही. आणि गंज स्वतः सच्छिद्र असतो, मीठ आणि पाणी दोन्ही धरून ठेवतो. त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून रंगाला फोड येतात आणि घट्ट बसलेले सांधे फुगून उघडतात. फोड दिसला तेव्हा काम मागच्या बाजूनं बरंच पुढे गेलेलं असतं. युरोप-अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि तिथल्या गाड्या त्यानं खाल्ल्या जातात. आपल्याकडे तेच काम समुद्र फुकटात करतो.

आता पाणी येतं कुठून? पावसाचं येतं, पण ते येतं आणि जातं, तोवर बिघडत नाही. ते अडलं की बिघडतं. समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा आत घ्यायची जाळी असते. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिच्यातून पानं आणि मोहोर आत जातात, खाली कुजून चिखल होतो आणि पाणी बाहेर काढणारी भोकं बुजतात. मग पाणी भिंतीच्या सांध्यातून पायाखाली उतरतं. मालक मॅट उन्हात वाळवतो, पण मॅटखालचा ज्यूट किंवा फोम ओलाच राहतो. दारांच्या काचेवरून घरंगळलेलं पाणी दाराच्या पोटात जातंच, तशीच रचना असते. दाराच्या तळाशी त्यासाठी भोकं असतात आणि रंगकाम करताना तीच पुट्टीनं लिंपली जातात. हे मी इतक्या गाड्यांत पाहिलं आहे, की दार तळातून सडलं असेल तर आधी भोकं शोधावीत असं ठामपणे म्हणतो. मासळी डिकीतून नेणाऱ्यांच्या गाडीत तर बर्फाचं खारट पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात थेट जमा होतं. हा खड्डा महिन्यातून एकदा उघडून गोड्या पाण्यानं धुतला, तर निम्मं दुखणं टळेल.

पुराचं पाणी हा वेगळाच प्रकार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तेच झालं. अशा गाड्यांचं इंजिन उघडलं जातं, सीटा बदलल्या जातात, वायरिंग सुकवलं जातं. सिलच्या आत आणि खांबांच्या पायथ्याशी बसलेला गाळ मात्र तसाच राहतो. तो ओल धरतो आणि पुढच्या काही वर्षांत पत्रा आतून पोखरतो. पुरातून निघालेली गाडी घेणार असाल, तर सिलच्या तळाच्या भोकांत वाकवलेली तार घालून पाहा. तारेला माती लागून आली तर किंमत त्या हिशेबानं ठरवा.

तपासणीवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सिल ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द वाजतो. मऊ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे खाली लोखंड नाही. कुठे आधी पाहायचं यासाठी ब्रिटनच्या वार्षिक तपासणीतला नियम मला फार उपयोगी वाटतो. तिथे सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक, सीट बेल्ट यांच्या बसणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा जोर जाईल इतका सडलेला असेल, तर गाडी नापास होते, आणि अशा ठिकाणी पुट्टीचा किंवा फायबरचा पॅच चालत नाही, वेल्डिंगच लागतं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते आणि पुढे दर ५ वर्षांनी. तेव्हा इतक्या बारकाईनं खाली वाकून कुणी पाहील या भरवशावर राहू नये. मोजपट्टी आपणच घ्यावी. पद्मिनीत मागच्या पाट्यांच्या बसणी आणि ८०० मध्ये पुढच्या स्ट्रटचे माथे, या जागा सगळ्यात आधी.

आता दुरुस्ती. आपल्याकडची रूढ पद्धत अशी: गंजलेल्या भागावर वायर ब्रश मारायचा, वरून रेड ऑक्साइड, भोक असेल तर जीआय पत्र्याचा तुकडा पितळेनं झाळून किंवा रिव्हेट मारून बसवायचा, पुट्टी, घासाई, रंग. आठवड्यात गाडी नव्यासारखी दिसते आणि एक-दोन पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा फोड येतात. यात कारागिराचा हात कच्चा असतो असं अजिबात नाही. हातोडा आणि डॉली घेऊन चेपलेला मडगार्ड डोळ्यांदेखत मूळ गोलाईवर आणणारे डेंटर आपल्याकडे आहेत आणि त्या हाताला तोड नाही. पण मालक पैसे देतो ते दिसण्याचे, आणि ज्याचे पैसे मिळतात तेच काम होतं. त्यामुळे हे पुस्तक जितकं कारागिरासाठी आहे तितकंच, किंबहुना थोडं जास्त, मालकासाठी आहे.

सिलचं नीट काम कसं होतं ते एकदा सुरुवातीपासून पाहू. गाडी उचलून ठेवताना भार सस्पेन्शनखाली घ्यायचा, म्हणजे बॉडी चाकांवर असते तशाच ठेवणीत राहते. दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी टॅक मारून पक्की करायची, कारण सिल कापली की चौकट आवळू किंवा पसरू शकते. आवळलेल्या चौकटीत नवी सिल बसवली, तर दार जन्मभर घासत राहतं. मग बाहेरचा पत्रा कापायचा. आत तपकिरी पापुद्र्यांचा आणि वाळक्या मातीचा थर ओंजळ भरून निघतो. तो व्हॅक्यूमनं ओढून काढल्यावर आतला उभा पत्रा दिसतो आणि खरा अंदाज त्या क्षणी येतो, त्याआधी सांगितलेला खर्च हा केवळ तर्क असतो. गंज संपला असं वाटतं त्याच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर, चकाकतं निरोगी लोखंड लागेपर्यंत कापत जायचं. इथे हात आखडला तर पुढचं सगळं वाया. पुठ्ठ्याचा माप-तुकडा कापून त्यावरून २० गेजचा सीआर पत्रा कापायचा आणि मूळच्या घड्या तशाच पाडायच्या. जीआय पत्रा इथे नको. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचं जस्त जळतं, त्याचा धूर अंगात ताप आणतो आणि टाकाही पोकळ येतो. एकमेकांवर येणाऱ्या कडांना वेल्डिंगमधून जाणारा जस्ताचा प्रायमर आधीच लावायचा, कारण नंतर तिथे कुणाचाही ब्रश पोचणार नाही. बारीक तारेच्या मिग वेल्डिंगनं एक टॅक इकडे, दुसरा दूर तिकडे, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा, असं करत टॅक जोडत आणायचे. गॅस वेल्डिंगनंही हे होतं, पण त्याची आच पसरते आणि पातळ पत्रा लाटांसारखा वाकडा होतो, मग तो लपवायला जाड पुट्टी लागते. शेवटी सिलच्या सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी जायची भोकं मूळ होती तशी पाडायची. हे शेवटचं काम सर्वांत सोपं आहे आणि सर्वांत जास्त विसरलं जातं.

यानंतर लेपांचा क्रम येतो आणि इथे मी थोडा हट्टी आहे. उघड्या लोखंडावर पहिला थर इपॉक्सी प्रायमरचाच हवा. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते. ती उघड्या पत्र्यावर भरली तर पावसाळ्यात ओल थेट पत्र्यापर्यंत जाते. म्हणून आधी इपॉक्सी, सांध्यांवर सीलंट, मग हवी तिथे पुट्टीचा पातळ हात, मग रंग. रेड ऑक्साइडला मी नावं ठेवत नाही, खिडकीच्या ग्रिलवर वरून ऑइल पेंट मारला तर ते चांगलं चालतं. गाडीच्या तळाला एकट्यानं ते पुरत नाही. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं, गंजाचा काळा पक्का थर करणारं द्रावण बाजारात मिळतं. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर त्याचा उपयोग होतो. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते वरचा थर काळा करतं आणि खाली सगळं चालू राहतं. हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच्या कोरड्या हवेत करावं. पावसाळ्यात किनाऱ्यावर घासून चकचकीत केलेला पत्रा काही तासांत पुन्हा तांबूस होतो.

तळाला जाड डांबरी किंवा रबरी कोटिंग मारून घेण्याची आपल्याकडे फार आवड आहे. नव्या, कोरड्या, गंज नसलेल्या पत्र्यावर ते खड्यांपासून राखण करतं. जुन्या गंजावर ते मारणं हे माझ्या मते त्या गाडीचं सर्वांत मोठं नुकसान आहे, कारण कडेनं सुटलेल्या कोटिंगखाली पाणी शिरतं, बाहेर पडत नाही आणि वरून काहीच दिसत नाही. जळकं ऑइल फवारण्याचा जुना उपाय गंज थोडा थोपवतो खरा, पण ते ऑइल रबरी बुश फुगवतं आणि गळून अंगणातल्या मातीत, तिथून विहिरीत जातं. त्याऐवजी पोकळ्यांत फवारायचं मेण वापरावं. ते पातळ असताना सांध्यांत झिरपतं, सुकल्यावर मऊ राहतं, ओरखडा गेला तर सरकून तो भरतं. लांब नळीच्या टोकाला चहूबाजूंनी उडणारं नोझल लावून सिलमध्ये, दारांत, खांबांच्या पायथ्याला ते द्यावं आणि खालच्या भोकांतून थेंब बाहेर आला म्हणजे पोचलं असं समजावं. हे रंगानंतरच, कारण मेणावर रंग धरत नाही आणि वेल्डिंगची ठिणगी पडली तर ते पेटतं. भोकं नंतर तारेनं पुन्हा मोकळी करावीत. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं.

सुरक्षिततेचं सविस्तर पुढे आहे, तरी दोन गोष्टी इथेच सांगतो. पेट्रोलची टाकी काढल्याशिवाय मागच्या तळाला वेल्डिंग करू नका, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका.

सगळ्या गाड्या वाचवाव्यात असं मी म्हणत नाही. सिल, तळ आणि सस्पेन्शनच्या बसणी अशा तिन्ही जागा दोन्ही बाजूंनी गेल्या असतील, तर ती गाडी दुसऱ्या चार गाड्यांना दारं, काचा आणि डिकीचं झाकण देण्यासाठी ठेवावी. ज्या वाचण्याजोग्या आहेत त्यांच्याबाबत मात्र एक नवी बाजू पुढे आली आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळू शकते, पण ती मूळ स्वरूपात हवी. इंजिनात किंवा बॉडीच्या सांगाड्यात बदल झालेला चालत नाही. कुर्ल्याहून निघालेल्या सुरुवातीच्या फियाट त्या वयाच्या कधीच झाल्या आहेत आणि पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्याही आता तिथे पोचल्या आहेत. अशा गाडीच्या सिलवर वेडावाकडा पॅच मारला तर ताकद जातेच, शिवाय मूळपणाही जातो. मूळ घडी, मूळ सांधा, मूळ भोकं जशीच्या तशी राखणारी दुरुस्ती म्हणूनच आता अधिक मोलाची आहे.

पुस्तक वाचून स्वतः वेल्डिंग शिका असा माझा आग्रह नाही. मालकांना माझी एकच विनंती आहे. काम देताना डेंटरला सांगा, पत्रा कापल्यावर आणि बंद करण्याआधी मला बोलवा. त्या वेळी जा, आत बॅटरी मारून पाहा, फोटो काढा आणि चकाकतं लोखंड दिसेपर्यंत कापण्याचे जे जास्त पैसे होतील ते घासाघीस न करता द्या.